‘रोटना दिन’ ही कॅसेट मी कशी ऐकली

नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका मराठी साप्ताहिकात मी गाण्यांच्या कॅसेटची परीक्षणं लिहायचो, आणि मला वरच्या पट्टीतलं काही ऐकू येत नसे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग उधन्यापासून कोसाडपर्यंत पुष्कळांना माहीत आहे. दुसरा अर्धा मी आजवर दाबून ठेवला. या अंकाच्या संपादकांनी ‘त्या दिवसांवर काहीतरी हलकंफुलकं द्या’ म्हणून फोन केला. मी फोनवर लगेच हो म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मुलीनं नंतर समजावून सांगितलं.

मी मूळचा शिरपूरकडचा. विशीत उधन्याला आलो आणि पावरलूमवर लागलो. लूमचं खातं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या एका छपराखाली मागांच्या ओळी असतात आणि सगळे एकदम धडधडतात. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथं कोणी ओरडतच नाही. चहा हवा असेल तर अंगठा तोंडाकडे न्यायचा, शेठ आला तर स्वतःच्या पोटावरून हात गोल फिरवायचा, आणि बाकीचं सगळं ओठांवरून वाचायचं. चार ओळी पलीकडचा माणूस कोणाला काय शिवी देतोय हे मला ओठांवरून कळायचं.

कान गेले ते असे हळूहळू गेले की त्यांनी निरोपही घेतला नाही. ढोलकी राहिली, पुरुषांचे आवाज राहिले, बायकांचे खालचे सूर राहिले. कुकरची शिट्टी, बासरी, टाळ आणि वर चढलेली कुठलीही बाई, हे मला सोडून गेले. बायको सोडून कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या सोसायटीत सगळेच लूमवाले. तिथं कुजबुज हा प्रकारच नव्हता. ‘मीठ दे’ हेसुद्धा तिसऱ्या गल्लीपर्यंत जायचं.

गटारीच्या तक्रारीची माझी पत्रं साप्ताहिकात छापून यायची. संपादक निकुंभ साहेबांना माझं अक्षर आवडलं आणि त्यांनी मला मुद्रितं तपासायला ठेवून घेतलं. पुढं रमणभाई आले. रमणभाईंचं उधन्यात टेप, पंखे, टू-इन-वनचं मोठं दुकान होतं आणि ते आमच्या खान्देशी लोकांसाठी अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी काढायचे. जाहिरात देतो, पण कॅसेटबद्दल लिहून आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. निकुंभ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला नोकरी हवी होती. सदराचं नाव त्यांनीच ठेवलं, ‘कान देऊन’. त्यात माझा काही हात नाही.

परीक्षण लिहिण्याची रीत बाहेरच्या लोकांना वाटते तेवढी अवघड नसते. आधी गाणाऱ्याची ओळख, मग कौतुकाचे दोन परिच्छेद, मग ‘मात्र’ या शब्दानं सुरू होणारा एक छोटा परिच्छेद, आणि शेवटी शुभेच्छा. ‘मात्र’ नसला तर लोक म्हणतात, पाकीट मिळालं. मोठा झाला तर जाहिरात जाते. ऐकण्याचं काम माझी बायको मंगल करायची. ती भाकरी थापताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. ती म्हणायची, ‘‘आते वर गयी. बरी गयी.’’ मी लिहायचो, ‘तारसप्तकातही प्रसन्नता ढळत नाही.’ जे मला स्वतःला ऐकू यायचं त्याचं मी जरा जास्तच कौतुक करायचो. त्यामुळे ‘यांना खर्जाची जाण आहे’ अशी माझी ख्याती झाली. माझं दुखणं लोकांना माझी अभिरुची वाटायचं.

एकदाच फसलो होतो. बारडोलीकडच्या एका भजनीबुवांची कॅसेट आली, तेव्हा मंगल बाजारात गेलेली. पहिली बाजू छान होती. दुसरी लावली तर काहीच नाही. मी समजलो, बुवा या बाजूला फार वर चढलेत. मी लिहिलं, ‘दुसऱ्या बाजूत बुवांनी दाखवलेला संयम विलक्षण आहे.’ नंतर कळलं की भरताना चूक होऊन ती बाजू कोरीच राहिली होती. बुवा नारळ घेऊन आभार मानायला आले. म्हणाले, ‘‘संयम हल्ली कळतो कोणाला.’’ त्यांनीही ती बाजू ऐकली नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे कॅसेटमध्ये शांतता लागली, तर दोष कॅसेटचा धरायचा, स्वतःच्या कानांचा नाही.

हा धडा घेऊन बसलो असताना कमल बोरसेची कॅसेट आली.

कमल उधन्याच्या एका चाळीत राहायची. नवरा लूमवर, आणि ती व तिची सासू भिकाबाई घरी धागा कटिंग करायच्या. म्हणजे साड्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे दोरे कात्रीनं कापायचे. सुरतेत हजारो बायका हे काम करतात. कमल त्यात गायची. कानबाईला तर तीच पुढं बसायची. कानबाई हा आमचा श्रावणातला सण. नारळाला नथ, दागिने घालून कानबाई बसवतात, घरातल्या माणसागणिक गव्हाचे रोट करतात, आणि बायका रात्रभर गाणी म्हणतात. कमल गायला लागली की बायांच्या हातातलं लाटणं थांबतं, असं मंगल सांगायची. रमणभाईंनी तिची आठ गाण्यांची कॅसेट काढली, नाव ‘रोटना दिन’, म्हणजे रोटांचे दिवस. कानबाईला महिना होता. आणि मंगल बहिणीच्या बाळंतपणाला गावी गेली होती.

मी एकटाच बसून ऐकली.

ती कॅसेट विस्कळीत होती, हे मी आजही म्हणेन. पहिली दोन गाणी इतकी खोलातून आलेली की माझ्यासारख्यालाही छातीत जाणवली. तिसरं गाणं रमणभाईंच्या भावाच्या साडीच्या दुकानावर होतं, पत्त्यासकट. तेही कमलनं असा जीव ओतून म्हटलं होतं की वर्कवाली साडी सासरी निघालीय असं वाटावं. सगळ्या गाण्यांवर रमणभाईंचा मेव्हणा किरीट यानं कॅसिओ वाजवला होता. त्याला ज्या बटणावर जे सापडलं ते त्यानं वापरलं होतं. विरहाच्या गाण्यात मध्येच दाराची घंटा वाजल्यासारखं व्हायचं. हे सगळं मी लिहिलं आणि बरोबर लिहिलं.

पण दुसऱ्या बाजूची शेवटची दोन गाणी. सुरुवात भरदार, आणि अर्ध्यावर बाई गायब. किरीटच्या कॅसिओतला ढोल तेवढा चालू. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेजारचे वामनराव दारात आले आणि हात हलवून काहीतरी म्हणाले. मला वाटलं, त्यांनाही पटलेलं नाही.

बुवांची कोरी बाजू डोक्यात होतीच. मी लिहिलं: ‘मात्र शेवटच्या दोन गाण्यांत चढणीवर गायिकेचा दम सुटतो, आणि श्रोता अर्ध्या वाटेवर एकटा राहतो.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वाचलं.

अंक निघाला. आठवडा गेला. एका दुपारी निकुंभ साहेब छपाईच्या खोलीत होते आणि दोन बायका कचेरीत आल्या. धाकटीच्या पदराला रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते, म्हणजे कमल. थोरली आल्या आल्या खुर्चीत बसली.

‘‘हाऊ शे का तो?’’ थोरली म्हणाली. या भिकाबाई.

‘‘भाऊ,’’ कमल म्हणाली, ‘‘माझा दम कुठं सुटला?’’

‘‘चढणीवर,’’ मी म्हणालो.

‘‘तसा तिचा सुटतो,’’ भिकाबाई म्हणाल्या. ‘‘नळावरून हंडा आणताना बी सुटतो. खोटं नही लिहेल त्यानं.’’

‘‘आई, तुम्ही थांबा. भाऊ, मी म्हणते. कुठं सुटतो तिथं हात वर करा.’’

जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर बसून ती गायला लागली. खालचे सूर आले. रिकाम्या पितळी हंड्यात पहिलं पाणी पडतं तसे. मग ती चढली आणि माझ्यापुरती बंद झाली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ हलताहेत, आणि खोलीत काही नाही. शब्द तरी निसटू नयेत म्हणून मी तिच्या ओठांवर नजर रोखली, अगदी पुढं झुकून.

भिकाबाईंनी खुर्ची सरकवून मध्ये आणली. ‘‘ओ भो, परक्या बाईच्या तोंडाकडे काय देखस? घरमां बायको नही का?’’

‘‘नाही,’’ मी खरं सांगितलं, ‘‘माहेरी गेलीय.’’

खरं बोलायला मी नेहमी अशीच वेळ निवडतो. भिकाबाईंनी पायातली चप्पल काढायला सुरुवात केली. कमलनं त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडावर घेतला. पदर किंचित हलला.

काहीतरी विचारलं गेलं होतं, एवढं कळत होतं. दोघी उत्तराची वाट बघत होत्या. अशा वेळी समीक्षक जे म्हणतात ते मी म्हणालो. ‘‘त्याचा विचार आपण पुढच्या अंकात जरूर करू.’’

कमलनं पदर खाली घेतला. ‘‘मी विचारलं, तुम्ही लूमवर किती वर्षं होता?’’

मी टेबलावरचा टाचण्यांचा डबा सरळ करून ठेवला.

‘‘आमच्या घरात बी एक आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘मी वर गेले की ते ताटात बघतात. लग्न झाल्यावर किती दिवस मला वाटायचं, यांना माझं गाणं आवडतच नाही.’’

‘‘म्हणजे हाऊ बी बहिरा?’’ भिकाबाईंनी चप्पल पुन्हा पायात घातली. त्यांचा राग उतरला होता आणि त्याजागी जे आलं ते जास्त लागलं. त्या हसत होत्या. ‘‘आणि पेपरमां गाना लिहस?’’

कमल हसली नाही. रमणभाई सणासाठी नव्या कॅसेटी भरत होते, आणि ‘दम सुटतो’ हे कोणीतरी वाचून दाखवल्यावर त्यांनी तिची ती दोन गाणी काढून टाकली होती. त्या जागी किरीटचा नुसता कॅसिओ येणार होता. पुढची कॅसेट दुसऱ्या बाईला देण्याचं चाललं होतं. आणि चाळीतल्या बाया म्हणत होत्या की यंदा कानबाईपुढं दुसरी कोणी बसू दे, कमलचा दम सुटतो, पेपरात आलंय.

‘‘तुम्ही मोडलंत, तुम्ही नीट करा,’’ ती म्हणाली. ‘‘कानांचं मी कोणाला सांगणार नाही.’’

हे आश्वासन मी मागितलं नव्हतं. मागणार होतो. ते तिच्या लक्षात आलं होतं, याची मला अजून लाज वाटते.

नीट करण्याची माझी पद्धत बघा. पुढच्या अंकात निधनवार्तांच्या खाली मी तीन ओळी टाकल्या: ‘आमच्या कार्यालयातील टेपमध्ये बिघाड असल्याने मागील परीक्षणात ध्वनीविषयी गैरसमज झाला.’ कान वाचले, सदर वाचलं, बाईची बाजूही मांडली, असं मी स्वतःला सांगितलं.

कचेरीतला टेप, म्हणजे टू-इन-वन, रमणभाईंच्याच दुकानातला होता. सणाच्या आधी अख्खं उधना तोच पीस घेत होतं. अंक निघाल्यावर पाचव्या दिवशी रमणभाई जिना चढून आले.

‘‘मारा शोरूमनो पीस खराब?’’ ते दारातूनच म्हणाले. ‘‘निकुंभ साहेब, तुमचा माणूस माझा धंदा बंद करेल. गिऱ्हाईक टेप परत घेऊन आला, भाऊ. पेपर दाखवतो मला.’’

त्यांनी खिशातून ‘रोटना दिन’ काढली, दुसरी बाजू लावली, आवाज पूर्ण वाढवला. टाइप जुळवणारा जुळारी, शिपाई, निकुंभ साहेब सगळे जमले. टेप पुढं पळवल्यावर त्या दोनांतलं पहिलं गाणं सुरू झालं. मग ती चढली असणार, कारण माझ्याकडे फक्त किरीटचा ढोल उरला आणि बाकीच्यांचे चेहरे बदलले. जुळाऱ्याचा हात खिळ्यांच्या खणात तसाच राहिला. निकुंभ साहेबांनी चष्मा काढला. रमणभाईंचं तोंड उघडं होतं. आपल्या कॅसेटमधलं साडीचं गाणं सोडून दुसरं काही त्यांनी तोवर ऐकलंच नव्हतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्या खोलीत काहीतरी मोठं चाललं होतं आणि मी खिडकीच्या बाहेरून लग्न बघावं तसा बघत होतो.

रमणभाईंनी बटण दाबलं. ‘‘सांभळ्युं? ऐकलं?’’

मी मान हलवली.

‘‘आता बोलो, पीस खराब छे?’’

‘‘नाही.’’

‘‘तो कान खराब?’’

सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. त्या क्षणी ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. कोणी मला काढलं नसतं, हे आता कळतं. पण मी हसत राहिलो, आणि त्या हसण्यावर पुढं कित्येक वर्षं ते सदर चालवलं.

रमणभाई गाणी काढलेल्या कॅसेटी भरणं थांबवायला तयार झाले. पण त्यांची अट होती. ज्यानं दम सुटतो असं लिहिलं त्यानंच सणाच्या आधी पुन्हा पूर्ण परीक्षण लिहायचं. ‘‘लोक तुमचं मानतात, भाऊ. माझं नाही.’’ निकुंभ साहेब म्हणाले, ‘‘उद्या सकाळी मजकूर द्या. अंक उद्याच लागतोय.’’

मंगल गावी. वामनराव माझ्याशी बोलत नव्हते. संध्याकाळी मी कमलच्या घरी गेलो. नवरा पाळीवर होता. खोलीत साड्यांचा ढीग आणि ढिगामागे कात्री घेऊन भिकाबाई.

‘‘मी माझंच कसं सांगू?’’ कमल म्हणाली. ‘‘आईंना विचारा. त्यांना माझी प्रत्येक चूक पाठ आहे.’’

भिकाबाई उजेडाकडे तोंड करून बसल्या, म्हणजे मला त्यांचे ओठ दिसावेत. कॅसेट लागली. दोरे कापता कापता त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होतो.

‘‘पहिलं बरं शे. पन ‘माय’ म्हणताना उगाच लांबवस. तिची माय काय मरेल नही, साक्रीले ठनठनीत बसेल शे. लिव.’’

मी लिहिलं, ‘काही ठिकाणी भावनेचा अतिरेक जाणवतो.’

‘‘साडीवालं गाणं ऐकलं नि मी त्या दुकानात गयू. माल हलका. लिव.’’

‘‘ते परीक्षणात येत नाही, मावशी.’’

‘‘मंग काय येस? ह्या किरीटला कोणी हात बांधून ठेवा, हे तरी लिव.’’

ते मी लिहिलं. कमल खाली मान घालून दोरे कापत होती. सासूनं एकेक गाणं असं सोलून काढलं. कुठं घाई, कुठं शब्द खाल्ला, कुठं सूर धरायच्या आधी नाक ओढलं. मला मजा यायला लागली होती. इतकं सविस्तर परीक्षण मी कधी लिहिलं नव्हतं.

मग शेवटची दोन गाणी आली. खालचे सूर मी ऐकले. नंतर माझ्याकडचा आवाज संपला आणि मी भिकाबाईंच्या ओठांकडे बघून वाट पाहत राहिलो. ओठ हलेनात. ती बाई भेटल्यापासून तिचं तोंड थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. कात्री एका दोऱ्यावर उघडी धरलेली होती आणि ती मिटत नव्हती. पहिलं गाणं संपून दुसरं लागलं, तेही चढलं असणार, कात्री तशीच. कमलनं एकदा सासूकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घेतली.

ढोल थांबला. भिकाबाईंनी दोरा कापला.

‘‘मावशी, या दोन गाण्यांचं काय लिहू?’’

‘‘पाणी भरानं शे,’’ म्हणून त्या उठल्या. ‘‘लिव काय लिवानं ते. तू शिकेल शे.’’

घरी येऊन मी मजकूर पुरा केला. सगळे दोष भिकाबाईंचे, भाषा माझी. शेवटच्या दोन गाण्यांपाशी आलो. तारसप्तक, प्रसन्नता, आर्तता, सगळे शब्द हाताशी होते आणि माझ्याजवळ त्यातलं काही नव्हतं. जे मी स्वतः पाहिलं होतं ते एका वाक्याचं होतं. तेवढंच लिहिलं: ‘शेवटच्या दोन गाण्यांत गायिका चढणीवर जाते तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाई, भिकाबाई, गप्प बसल्या.’

निकुंभ साहेब म्हणाले, ‘‘हे काय परीक्षण झालं?’’ पण त्यांच्या घरी आई आणि बायको दोघी होत्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, ‘‘राहू द्या.’’

रमणभाईंनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं म्हणे. ‘‘सासु? चूप?’’ विचारलं आणि दोन्ही गाणी परत घातली. त्याआधी भरलेल्या काही कॅसेटी मात्र गावाकडे गेल्या होत्या. त्यातलीच एक साक्रीला कमलच्या आईकडे पोचली. त्या माउलीनं मुलीच्या जागी किरीटचा कॅसिओ ऐकला. ते मला नीट करता आलं नाही.

उधन्यात त्या वाक्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. सुनांनी तो अंक सासवांना वाचून दाखवला. कानबाईपुढं कमलच बसली, आणि दिवाळीनंतर तिची दुसरी कॅसेट निघाली.

सण झाल्यावर भिकाबाई एकट्याच कचेरीत आल्या. हातात घडी केलेला अंक. कमलनं वाचून दाखवला होता.

‘‘हे खोटं लिहेल शे,’’ त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या वाक्यावर नव्हतं, निधनवार्तांवर होतं, पण मला कळलं. ‘‘चाळीतल्या बाया माले हसतस. म्हणतस, भिकीचं तोंड बंद झालं.’’

‘‘पण मावशी, तुम्ही गप्प बसला होता. मी पाहिलं.’’

‘‘गप नही बठेल व्हतू. दुसरं छाप.’’

निकुंभ साहेब चाळिशीवरून माझ्याकडे बघत होते. मी कागद ओढला, भिकाबाईंकडे तोंड केलं आणि त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला, लूमच्या खात्यात उच्चारतात तसा. पुढच्या अंकात ‘कान देऊन’च्या खाली ती दुरुस्ती आली:

‘मागील परीक्षणात, गाणे सुरू असताना श्रीमती भिकाबाई बोरसे गप्प बसल्या, असे छापले गेले. त्या ऐकत होत्या.’